जांभ्याच्या जुन्या पाखाडीवर काँक्रीट ओतू द्यायचं का?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. वाद घरचाच आहे, पण मुद्दा दगडांचा आहे, म्हणून इथे आणतोय.

आमचं मूळ घर गुहागर तालुक्यात, उतारावर. वर डांबरी रस्ता, खाली घर आणि मधे जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. घराच्या तुळईवर शके १८३४ कोरलंय, म्हणजे १९१२-१३. पाखाडीही तेव्हाचीच असणार, कारण जोत्याच्या चिऱ्यांवर (जांभ्याच्या घडवलेल्या दगडांवर) आणि पायऱ्यांच्या चिऱ्यांवर टाकीचे, म्हणजे छिन्नीचे, घाव सारखेच दिसतात, तिरपे आणि जरा घाईत मारल्यासारखे. पायऱ्या ६०, मधे तीन सपाट टप्पे, रुंदी पाच फूट. पायरीची उंची जेमतेम पाच इंच आणि पाऊल दीड फुटाचं. डोक्यावर गवताचा भारा घेऊन खाली बघता येत नाही, तेव्हा पायाला सवयीने सापडेल अशी ती चढण बांधलेली आहे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी थेट खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येते. दोन खांदेकरी शेजारी शेजारी उतरू शकतात, त्यांना वाट अंग चोरायला लावत नाही.

आता अवस्था सांगतो. वरच्या वीसेक पायऱ्या ठणठणीत आहेत. मधल्या टप्प्याशी फणसाच्या मुळांनी चार-पाच चिरे उचललेत. त्याखाली उजव्या काठाचे चिरे गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) बाजूला सरकलेत आणि दोन पायऱ्या पुढे कललेल्या आहेत. रस्ता रुंद केला तेव्हा तो उंचही झाला, आणि त्याच्या मोरीचं तोंड नेमकं आमच्या बेड्याशी, म्हणजे वरच्या फाटकाशी, आलं. पावसाळ्यात ते सगळं पाणी पाखाडीला आपलीच वाट समजतं. शेवाळ तर विचारू नका.

गणपतीत सगळे जमलो होतो. थोरल्या भावाचं म्हणणं, आता पुरे, काँक्रीटचा रॅम्प करू, गाडी खळ्यापर्यंत आली पाहिजे. आई ८१ वर्षांची आहे आणि वर्षातले आठ-नऊ महिने तिथेच असते, त्यामुळे दादाचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. एक ठेकेदार येऊन बघून गेला. तो म्हणाला, "जुन्या चिऱ्यांचं सोलिंग, म्हणजे खालचा दगडी थर, आयतंच आहे. वर जाळी टाकून सहा इंच ओतू. लाल रंग मिसळून वर साचा मारला की जांभाच वाटेल." जांभ्यावर काँक्रीट ओतून त्याला जांभ्यासारखं दिसायला लावायचं, हे ऐकून मी ओटीवरून उठून विहिरीकडे गेलो.

तर प्रश्न असे. काँक्रीटला माझा विरोध निव्वळ भावनिक आहे की त्याला काही आधार आहे? पाखाडी दुरुस्त करायची झाली तर कुठून सुरुवात करतात? आणि अशा जुन्या वाटांना कायद्याचं काही संरक्षण असतं का?

डोंबिवली_फास्ट

भाऊ, तुमचं सगळं पटतं, पण आई ८१ वर्षांची आहे ना? मग कोबा करून टाका आणि मोकळे व्हा. वारसा-बिरसा तब्येत धडधाकट असलेल्यांचे लाड आहेत. आमच्या गावी खाडीपर्यंतची अख्खी पाखाडी पंचायतीने काँक्रीटची केली, कोणाचं काही अडलं नाही. उलट बाइक खाली जाते.

साचा मारलेला लाल जांभा मात्र नको. तो फार्महाउसवर बरा.

चुना_आणि_सुरखी

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, आर्किटेक्ट आहे. सड्यावरचा, तुमच्या विरोधाला आधार आहे, आणि तो भावनेपेक्षा पाण्याचा जास्त आहे.

आधी गाडीचा विषय मिटवू, कारण तुम्हीच दिलेल्या मापांत तो मिटतो. ६० पायऱ्या गुणिले ५ इंच म्हणजे २५ फुटांचा उतार. पावलांचे ९० फूट आणि टप्पे प्रत्येकी दहा फूट धरले तर वाटेची आडवी लांबी १२० फूट. म्हणजे साधारण पाच फुटांत एक फूट उतार. कोकणातल्या जुलैत, शेवाळलेल्या काँक्रीटवर, पाच फूट रुंदीच्या वाटेने गाडी? पाच फुटांत गाडी मावतच नाही. दोन्ही बाजूंचे गडगे पाडावे लागतील. आणि आईंच्या चाकाच्या खुर्चीसाठी म्हणाल, तर तिला १:१२ चा उतार लागतो, म्हणजे २५ फुटांसाठी ३०० फूट लांब रॅम्प. तुमच्याकडे १२० आहेत. ठेकेदार ज्याला रॅम्प म्हणतोय ती घसरगुंडी आहे, त्यावरून खुर्चीही जाणार नाही आणि म्हातारं माणूसही चालणार नाही. पाच इंचाची पायरी वयस्कर गुडघ्याला त्याहून कितीतरी बरी.

आता दगड. जांभा सच्छिद्र आहे. तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. तुमच्या पाखाडीचे सांधे कोरडे असतील, म्हणजे मधे माती नाहीतर चिऱ्याचा चुरा, बाकी काही नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला तुमच्या वाटेवरचा बराचसा भाग त्या सांध्यांतून खाली मुरतो, उरलेला टप्प्याटप्प्याने बाजूला पडतो. वर काँक्रीटचं झाकण घातलं की मुरणं बंद. सगळं पाणी पृष्ठभागावरून, वेगाने, सरळ तुमच्या खळ्यात, तिथून जोत्याला. आणि खालून येणारी ओल? तिला वर वाट नाही, म्हणून ती बाजूला सरकते, गडग्यात आणि भिंतीत. शंभर वर्षं कोरडी असलेली पडवी रस्त्याच्या एका कामानंतर गुडघ्यापर्यंत ओली झालेली मी पाहिली आहे. घरातले लोक भिंतीला दोष देतात, तिला वॉटरप्रूफ रंग फासतात आणि ओल आणखी वर चढते.

दुसरं, ताकदीचा मेळ. बांधकामाच्या जांभा चिऱ्यासाठी भारतीय मानक, आयएस ३६२०, किमान दाबक्षमता सांगतं चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन. चांगला चिरा त्याहून बराच वरचा असतो, पण साधं एम-२० काँक्रीट म्हणजे २०. मऊ दगडांच्या मधे किंवा माथ्यावर कडक माल (बांधकामाचा मसाला) घातला की हलताना, तापताना, फुगताना तुटायची पाळी दगडावर येते. जुन्या कामात नियम उलटा असतो, माल दगडापेक्षा मऊ हवा. माल झिजला तर दहा वर्षांनी पुन्हा भरता येतो, चिरा पुन्हा भरता येत नाही. म्हणून सांध्यांत सिमेंटचा दर्जाही (सांधे बुजवायचा मसाला) भरू नका. "काँक्रीट नको तर निदान दर्जा तरी भरून घेऊ" असं म्हणून लोक तिथेच फसतात.

"सोलिंग आयतंच आहे" हे तर चूकच. सोलिंग दाबून बसवलेलं असतं. तुमचे चिरे फणसाने उचललेत आणि काठाला सरकलेत, म्हणजे खालचा थर हलता आहे. त्यावरचं सहा इंच काँक्रीट एक-दोन पावसाळ्यांत तडकेल. आणि तोवर ते चिऱ्यांना असं चिकटलेलं असेल की काढायला गेलात तर दगडासकट निघेल. जुन्या कामात आपण पहिला प्रश्न हाच विचारतो, उद्या हे काढावंसं वाटलं तर खालचं शाबूत राहील का?

सुरुवात कुठून? बेड्याशी, मोरीपासून. तिचं पाणी वळवल्याशिवाय एका चिऱ्याला हात लावू नका. रस्ता ज्यांचा आहे त्यांना लेखी अर्ज द्या, सोबत भर पावसातला व्हिडिओ द्या. तोवर बेड्याच्या आत तुम्ही स्वतः एक आडवा पाट काढून ते पाणी आगराच्या (नारळ-सुपारीच्या बागेच्या) बाजूला सोडू शकता. काम अर्ध्या दिवसाचं आहे.

कायद्याचं थोडक्यात. घर कुठल्या वारसा यादीत नसेल आणि जवळ संरक्षित स्मारक नसेल तर तुम्हाला अडवणाराही कोणी नाही आणि वाचवणाराही. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगीने, ही २०१० च्या दुरुस्तीतली तरतूद तुमच्या घराला बहुधा लागू नाही. पण एक गोष्ट जरूर बघा, पाखाडी नक्की कोणाची आहे ती. सातबाऱ्यात सामायिक आहे का, की ग्रामपंचायतीच्या २३ नंबरला (रस्त्यांच्या नोंदवहीत) रस्ता म्हणून नोंद आहे? नोंद असेल तर "पाखाडी काँक्रीटीकरण" या नावाखाली निधी येऊन एखाद्या मार्चमध्ये तुम्हाला न विचारताच काम उरकलं जाऊ शकतं.

गावातली_काकू

मी गावातच राहते, बाराही महिने. तुमच्या शेजारच्या तालुक्यात. वरचं सगळं वाचलं. बाई, तुमचं पाण्याचं गणित बरोबर आहे. पण मला एक सांगा, ही पाखाडी राखणार कोण?

पूर्वी पाखाडी टिकत होती कारण आगोटीला, पावसाच्या तोंडावर, घरातली चार माणसं खराटे घेऊन उतरायची. पाला काढायचा, काठचे पाट मोकळे करायचे, सुटलेला चिरा पहारीने बसवायचा, आणि पावसात पडणाऱ्या जागी झावळ्या पसरायच्या. आता आमच्या वाडीत चौदा घरं, त्यांतली पाच उघडी. तुम्ही मे महिन्यात येता नि गणपतीत येता, पाखाडीचे फोटो काढता, "किती छान" म्हणता. भाद्रपदात तुम्ही येईपर्यंत शेवाळ आम्ही घासून ठेवलेलं असतं.

माझ्या जाऊबाईंना दोन वर्षांपूर्वी रात्री छातीत दुखलं, तर खुर्चीला दोन बांबू बांधून वर रस्त्यावर नेलं. पावसात, बॅटरीच्या उजेडात. नेणारे चौघेही साठीच्या पुढचे. तेव्हा मला काँक्रीट आठवलं की नाही? आठवलं. खोटं कशाला बोलू?

पण तरीसुद्धा, सड्यावरचा, काँक्रीट करू नकोस असंच मी म्हणेन. आमच्याच वाडीत खालच्या अंगाला पंचायतीने केलं आहे. पहिल्या वर्षी सगळे खूश. आता त्याच्यावर जो बुळबुळीत थर धरतो, तो जांभ्यावर कधी धरत नव्हता. जांभा खरबरीत, पाय तरी धरतो. काँक्रीटवर गुरंसुद्धा चढायला बघत नाहीत, बाजूच्या गवतातून जातात.

मला काय हवं ते सांगते. एका बाजूला धरायला पाइप. रात्रीचा दिवा. आणि वाटेवर ऊन येईल एवढी फांद्यांची छाटणी. एवढं केलंत तर तुझी आई ८१ ची असली तरी चढेल. आणि गावातल्या एखाद्या माणसाला वर्षाचे पैसे ठरवून द्या खराट्याचे. देवासमोर नंदादीपाला पैसे देता ना, तसे.

गवंडी_लांजा

राम राम. वडील पाथरवट होते, मी चिऱ्याचीच कामं करतो, लांजा-राजापूर बाजूला. लिहायची सवय नाही, जमेल तसं सांगतो.

मॅडम बोलल्या ते खरं, पाणी पहिलं. दुसरं म्हणजे काठ. पाखाडी कधीपण काठातून मरते. दोन्ही बाजूंना उभे चिरे जमिनीत गाडलेले असतात, त्यांना धरून आतली फरसबंदी उभी राहते. तुमचा उजवा काठ सरकला म्हणून पायऱ्या कलल्या. आधी काठ ओळंब्यात घ्यायचा, मग आत यायचं. लोक उलटं करतात, कललेली पायरी सरळ करून जातात नि पुढच्या वर्षी ती परत तिथेच.

चिरे उचलताना सगळे एकदम उचलायचे नाहीत. एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत, आणि खालून वर. खालची पायरी वरच्या पायरीला धरून असते. प्रत्येकाला नंबर टाकायचा, पण खडूने नको, एक सर आली की गेला. खालच्या अंगाला ऑइल पेंटने टाका. फोटो काढून ठेवा.

आता खरी गंमत. झिजलेला चिरा फेकायचा नाही, उलटा करायचा. वरचं अंग शंभर वर्षं पायाखाली गुळगुळीत झालेलं असतं, खालचं जसंच्या तसं असतं, टाकीच्या घावासकट. मातीत होता म्हणून जरा मऊ वाटतो. तो पाडव्याच्या आत काढून उन्हावाऱ्यावर ठेवा, मग बसवा. जांभा असाच आहे, खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीने तासता येतो, हवा खाल्ली की घट्ट होतो. आमचे वडील नवीन चिरा एक पावसाळा बाहेर ठेवल्याशिवाय पायरीला लावत नसत. गळला, खड्डे पडले, तर तो भिंतीच्या आतल्या भरावात टाकायचा.

दोन्ही अंगं झिजली असतील तर टाकीने आडव्या बारीक रेघा मारतो, पाय धरतो.

नवीन चिरा घेताना मशिनचा घेतलात तर पाखाडीत तो लगेच डोळ्यात येतो, चारी अंगं वडीसारखी कापलेली. त्यापेक्षा पडक्या घराचे जुने चिरे विकत मिळतात, ते बघा. बघताना हातोडीने वाजवायचे. ठण्ण आवाज आला तर घ्या, भद्द आला तर आत पिवळी माती भरलेली आहे. पाणी टाकून बघा, मातीचे डाग लगेच उठून दिसतात.

खाली बसवायला माल नको. मुरूम धुम्मसाने ठोकून घट्ट करून, वर चिऱ्याच्या चुऱ्याचा दोन-तीन इंच थर. सांध्यातपण तोच चुरा झाडून घालायचा, पाणी मारायचं, परत झाडायचा. फक्त पायरीचं पुढचं तोंड जिथे उघडं पडतं तिथे चुना-सुरखी (चुना आणि विटेची भुकटी) लावली तरी चालते. चुन्याचं काम दिवाळीनंतर. पावसात चुना धुपतो आणि वैशाखात भाजून निघतो.

फणसाची मुळं तोडू नका. झाड म्हातारं असेल तर घरावर येईल. तिथे पाखाडीच चार इंच उचलून घ्या आणि वरच्या दोन-तीन पायऱ्यांत ती उंची वाटून टाका. चालणाऱ्याला कळणारपण नाही.

चुना_आणि_सुरखी

गवंडीदादा, उलट्या चिऱ्याबद्दल शंभर टक्के. एका मुद्द्यावर मात्र वाद घालते. चालू पायरीवर टाकी मारू नका. उघड्यावर राहून जांभ्याची वरची जी कातडी घट्ट झालेली असते तीच त्याचं चिलखत आहे. तीवर रेघा मारल्या की आतला मऊ भाग उघडा पडतो आणि पाच-सहा पावसांत रेघेचा खड्डा होतो. त्याच कारणाने प्रेशर वॉशर नको आणि तारेचा ब्रशही नको. काथ्याचा ब्रश, खराटा, पाणी, आणि काकू म्हणाल्या तसं ऊन. शेवाळाला ऊन आणि वारा यांच्याइतकं जालीम औषध नाही. ब्लीचिंग पावडर फारच झालं तर वर्षातून एकदा, पातळ करून, आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकून. तिचे क्षार दगडात राहिले तर पापुद्रे सुटतात. चमकदार सीलर कोणी विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

काकू, पाइपचा मुद्दा मीच आधी मांडायला हवा होता. पाइपचे खांब मात्र जुन्या चिऱ्यात भोक पाडून रोवू नका. काठाच्या बाहेर, गडगा आणि पाखाडीच्या मधे, वेगळे छोटे खड्डे घेऊन त्यात रोवा. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप घ्या, साधं लोखंड गंजून फुगतं आणि दगड फोडतं. तिथे सिमेंट वापरलं तरी माझी हरकत नाही, ते पाखाडीला शिवत नाही.

शहाबादी

धागा पळवतोय, माफ करा, पण विषय जवळचा आहे. पुण्यात डेक्कन भागात आजोबांचा १९३० च्या दशकातला बंगला. फाटकापासून गॅरेजपर्यंत शहाबादी फरशीच्या दोन चाकोऱ्या आणि मधे हिरवळ, आता हिरवळ कसली, हरळी. शेजारच्या सगळ्यांनी पेव्हर ब्लॉक टाकले. आमच्याकडेही "एकसारखं करून घ्या" म्हणून मागे लागलेत. काही फरशांचे कोपरे तुटलेत आणि एका साफसफाईवाल्याने ॲसिड मारून दोन फरशा पांढुरक्या करून ठेवल्यात. काय करावं?

चुना_आणि_सुरखी

ॲसिड ताबडतोब बंद. शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिडने तो अक्षरशः विरघळतो. पांढुरका भाग आता तसाच राहणार. घासून पॉलिश करायला जाऊ नका, घसरडा होईल.

चाकोऱ्या ठेवा. मधला मातीचा पट्टा हे तुमच्या अंगणाचं पाणी मुरण्याचं साधन आहे. हल्ली लोक पेव्हर ब्लॉकखाली काँक्रीटचा थर देतात आणि वर "पाणी मुरतं" म्हणून सांगतात. तुटलेल्या फरशा बदलताना जुन्याइतकीच जाड फरशी मागा, बाजारात हल्ली पातळ मिळते आणि ती गाडीखाली टिकत नाही. जाड फरशी, खाली मुरूम आणि वाळू, बस.

डोंबिवली_फास्ट

पेव्हर ब्लॉकला एवढे शिव्या देताय, पण माथेरानला बघा की. तिथे लाल माती दर पावसाळ्यात वाहून जाते म्हणूनच ब्लॉक टाकायची वेळ आली ना?

चुना_आणि_सुरखी

आली, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, मोटारी गावाबाहेर दस्तुरी नाक्याला थांबतात. मातीची धूप खरी आहे, हे मी नाकारत नाही. पण तिथले घोडेवाले सांगतात की ब्लॉकवर घोडे घसरतात, आणि वाटेच्या कडेचे पाट न दुरुस्त करता नुसता पृष्ठभाग बदलला तर पाणी पुढच्या वळणावर तेच करतं. पुन्हा पाणीच. जांभ्याच्या वापरत्या वाटेचं चांगलं उदाहरण बघायचं असेल तर गणपतीपुळ्याचा प्रदक्षिणामार्ग बघा. डोंगराभोवती जवळपास एक किलोमीटर, हजारो माणसं अनवाणी चालतात.

सड्यावरचा

सगळ्यांचे आभार. काकू, तुमचा दुसरा परिच्छेद मी घरच्या ग्रुपवर जसाच्या तसा टाकला. दोन तास कोणी काही बोललं नाही, मग धाकट्या बहिणीने खराट्याच्या पैशांची जबाबदारी घेतली.

दादाला उताराचं गणित दाखवलं. तो बँकेतून निवृत्त झालेला माणूस, आकड्यांपुढे गप्प बसतो. ३०० फुटांवर तो थांबला. मग म्हणाला, "ठीक आहे, गाडी खाली नको, पण वर तरी नीट लागू दे." त्याच्यावर एकमत झालंय. बेड्याच्या वर आमचीच थोडी सड्याची (उघड्या कातळाची) जागा आहे, तिथे दोन गाड्या उभ्या राहतील इतकं मुरूम घालून सपाट करायचं, काठाला चिऱ्याची रांग, काँक्रीट नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला गाडी खळ्यात कशाला हवी, खळ्यात मी पोफळं वाळत घालते." तिला पाइप मात्र हवा आहे, आणि तो उजव्या हाताला, कारण डाव्या हातात तिची काठी असते.

मोरीचा अर्ज दिलाय. २३ नंबरला चौकशी केली, पाखाडीची नोंद बेड्यापर्यंतच आहे, खालचा भाग आमचा. म्हणजे निदान मार्चची धास्ती नाही.

ठेकेदाराने पुन्हा फोन केला होता. साच्याचे फोटो पाठवलेत, त्यात "वीट", "लाकूड" आणि "जांभा" असे तीन पर्याय आहेत.

गवंडीदादा, दिवाळीनंतर तुम्ही येऊन बघाल का? गाडीभाडं, राहणं, जेवण आमच्याकडे. एक शंका आहे. तिसऱ्या टप्प्याच्या खाली एक चिरा सहज हलला म्हणून मी उलटा करून पाहिला. खालच्या अंगाला टाकीचे घाव नाहीतच, पूर्ण गुळगुळीत आहे, मधे किंचित खोलगट. हा आधीच एकदा उलटवलेला असेल का?

गवंडी_लांजा

असणारच. तुमच्या आजोबांच्या वेळी कोणीतरी केलंय काम. असे किती आहेत ते मोजून ठेवा, तेवढे जुने चिरे बघायला लागतील. राजापुरात एक घर उतरवायचं चाललंय, मालकाशी बोलून बघतो. तुळशीचं लग्न झालं की येतो. पहार आणि दोरी तुमच्याकडे असेल तर बरं, एसटीत पहार घेऊ देत नाहीत.